एका पत्राचा प्रवास आणि एका दाव्याचा

सत्येंद्र दुबे हे आयआयटी कानपूरचे स्थापत्य अभियंते. भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात झारखंडमधील कोडरमा येथे नेमणुकीस असताना सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पाच्या औरंगाबाद (बिहारमधील) ते बाराचट्टी या टप्प्यातील काम त्यांनी जवळून पाहिले. नोव्हेंबर २००२ मध्ये त्यांनी तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांना पत्र लिहिले. मोठ्या कंपन्या कंत्राटे मिळवितात आणि ती लहानसहान पोटकंत्राटदारांकडे सोपवितात, त्यांच्याकडे ना यंत्रसामग्री असते ना अनुभव, आगाऊ रकमा मात्र झटपट उचलल्या जातात, असे त्या पत्राचे सार होते. निनावी पत्राला किंवा सामान्य माणसाच्या पत्राला कोणी गांभीर्याने घेत नाही हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी आपली ओळख वेगळ्या कागदावर दिली आणि ती गुप्त ठेवावी अशी विनंती केली.

पुढे जे घडले त्यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे मानण्याचीही गरज नाही. पंतप्रधान कार्यालयाने पत्र रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे पाठविले, तेथून ते महामार्ग प्राधिकरणाकडे गेले, आणि ओळखीचा कागद पत्रासोबतच टेबलांमागून टेबले ओलांडत राहिला. सरकारी कारभाराची ही रीतच आहे. ज्या खात्याविरुद्ध तक्रार, त्याच खात्याकडून अहवाल. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे वाराणसीहून परतताना गया शहरात दुबे यांची गोळ्या घालून हत्या झाली. तेव्हा ते तीस वर्षांचे होते. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तपासानुसार ही हत्या लुटीच्या प्रयत्नात झाली, आणि २०१० मध्ये पाटण्याच्या न्यायालयाने तिघांना दोषी ठरविले. हत्येचा आणि पत्राचा संबंध न्यायालयात सिद्ध झालेला नाही, हे नमूद करणे आवश्यक आहे. परंतु पत्राचे काय झाले हा प्रश्न हत्येपासून वेगळा काढला, तरी तो तितकाच अस्वस्थ करणारा आहे.

आता दुसरे प्रकरण. दिनेश ठाकूर २००३ मध्ये रॅनबॅक्सी या औषध कंपनीत रुजू झाले. पुढच्याच वर्षी कंपनीच्या औषधांसंबंधी निरनिराळ्या देशांच्या नियामकांना सादर केलेली माहिती तपासण्याचे काम त्यांच्याकडे आले. चाचण्यांचे आकडे आणि प्रत्यक्ष चाचण्या यांचा मेळ बसत नव्हता. २००५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाशी संपर्क साधला. २००७ मध्ये मेरीलँडच्या संघीय न्यायालयात त्यांनी एक सीलबंद दावा दाखल केला. वादी होते अमेरिकी सरकार, आणि सरकारच्या वतीने तो मांडणारे होते ठाकूर. निकृष्ट किंवा खोट्या माहितीच्या आधारे मान्यता मिळविलेली औषधे सरकारी आरोग्य योजनांना विकून कंपनीने सरकारकडे पैशाची खोटी मागणी केली, असे त्या दाव्याचे म्हणणे होते. १३ मे २०१३ रोजी रॅनबॅक्सीच्या अमेरिकी उपकंपनीने फौजदारी गुन्हे कबूल केले आणि एकूण ५० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. त्यांपैकी ३५ कोटी दिवाणी दायित्वापोटी होते. ठाकूर यांच्या वाट्याला सुमारे ४ कोटी ८६ लाख डॉलर आले. तेव्हाच्या दराने ही रक्कम अडीचशे कोटी रुपयांहून अधिक होते.

पावंटा साहिब आणि देवास येथील ज्या कारखान्यांचा त्या प्रकरणात उल्लेख होता, ते दोन्ही भारतात आहेत. माहिती देणारा भारतीय होता, कंपनी भारतीय होती. वसुली मात्र अमेरिकेच्या तिजोरीत झाली. भारतातील सरकारी खरेदीबाबत असा दावा करण्याची तरतूद तेव्हा नव्हती आणि आजही नाही. ठाकूर यांनी २०१६ मध्ये आपल्या औषध नियमनाच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केल्या, त्या विचारात घेण्यास न्यायालयाने नकार दिला.

या दोन माणसांमधील फरक धैर्याचा किंवा नशिबाचा नव्हता, तो कायद्याचा होता. एकाने सरकारला माहिती दिली आणि त्या क्षणी ती माहिती सरकारची झाली. तिचे काय करायचे हे सरकार ठरविणार होते. दुसऱ्याने माहिती दिली आणि तिच्यासोबत स्वतःचा एक हक्कही न्यायालयात नोंदविला. फाइल थंड पडली तरी तो हक्क जिवंत राहतो.

ठाकूर यांनी ज्या कायद्याचा आधार घेतला, त्या 'फॉल्स क्लेम्स ॲक्ट'चा जन्म १८६३ सालचा. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते आणि उत्तरेच्या सैन्याला माल पुरविणारे व्यापारी हात धुऊन घेत होते. दारूगोळ्याच्या पिंपांत लाकडाचा भुसा निघे, घोडी आणि खेचरे आंधळी-लंगडी निघत. लिंकन यांच्या सरकारकडे प्रत्येक पिंप उघडून पाहण्याइतकी माणसे नव्हती. म्हणून अशी फसवणूक ज्याला ठाऊक आहे त्याने सरकारच्या नावाने दावा करावा आणि वसुलीतला वाटा घ्यावा, अशी सोय करण्यात आली. कल्पना मुळात मध्ययुगीन इंग्लंडची. राजासाठी आणि स्वतःसाठी दावा करणारा, अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून तिला आजही 'क्वी टॅम' म्हणतात. गंमत अशी की इंग्लंडने १९५१ मध्ये अशा खबऱ्यांच्या दाव्यांना कायद्याने मूठमाती दिली, आणि इंग्रजी कायद्याचा वारसा सांगणाऱ्या आपल्याकडेही ही परंपरा रुजली नाही.

आज हा दावा कसा चालतो हे थोडे तपशिलात पाहण्यासारखे आहे. तक्रार प्रतिवादीला न कळविता सीलबंद अवस्थेत न्यायालयात दाखल होते आणि तिची प्रत पुराव्यांसह न्याय विभागाला जाते. सरकारला चौकशीसाठी निदान साठ दिवस मिळतात. व्यवहारात ही मुदत वाढत वाढत काही वर्षांवर जाते. त्यानंतर सरकारला ठरवावेच लागते, दावा स्वतः चालवायचा की नाही. सरकार सामील झाले तर माहिती देणाऱ्याला वसुलीच्या १५ ते २५ टक्के मिळतात. सरकारने नकार दिला तर तो स्वतःच्या बळावर दावा पुढे नेऊ शकतो, आणि जिंकल्यास २५ ते ३० टक्के. फसविणाऱ्याला नुकसानीच्या तिप्पट रक्कम आणि प्रत्येक खोट्या देयकामागे वेगळा दंड भरावा लागतो. नोकरीवरून काढले तर पुन्हा रुजू करून घेणे आणि बुडालेल्या पगाराच्या दुप्पट रक्कम, ही भरपाई त्याच कायद्यात आहे.

बहुसंख्य दाव्यांत सरकार सामील होत नाही आणि त्यांतील बरेचसे गळून पडतात. तरीही २०२४ या आर्थिक वर्षात असे ९७९ दावे दाखल झाले. त्या वर्षी या कायद्याखाली २९० कोटी डॉलरहून अधिक वसुली झाली, आणि तिचा फार मोठा भाग, २४० कोटी डॉलरहून अधिक, नागरिकांनी सुरू केलेल्या दाव्यांतून आला. थ्री-एम कंपनीने सैनिकांना विकलेल्या कर्णरक्षकांचे प्रकरण तर एका प्रतिस्पर्धी उत्पादकाने न्यायालयात नेले होते. कानातील बोळे आखूड असल्याने नीट बसत नाहीत हे कंपनीला ठाऊक होते, असा आरोप होता. २०१८ मध्ये कंपनीने ९१ लाख डॉलर देऊन तडजोड केली. ही रक्कम किरकोळ वाटेल. परंतु त्यातून उघड झालेल्या गोष्टींवरून हजारो माजी सैनिकांनी स्वतंत्र दावे केले आणि २०२३ मध्ये त्यांची तडजोड सुमारे ६०० कोटी डॉलरवर झाली. त्याच २०१८ साली जपानच्या टोयोबो कंपनीने पोलिसांच्या बुलेटप्रूफ जाकिटांत वापरलेला धागा उष्णतेने आणि दमटपणाने कमकुवत होतो हे दडविल्याच्या आरोपावरून ६ कोटी ६० लाख डॉलर भरले. दोन्ही ठिकाणी दोष माहीत असणारे लोक आधीपासून होते. कोणत्याही लेखापरीक्षकाला ते कागदावरून कळले नसते.

मराठी वर्तमानपत्रांनी अशा माणसाला 'जागल्या' हा सुरेख शब्द रूढ केला आहे. जुन्या गावगाड्यात रात्रीची राखण करणाऱ्या जागल्याला गावाच्या धान्यात हक्क असे. त्या व्यवस्थेच्या जातिबद्ध अन्यायाचे गोडवे गाण्याचे कारण नाही, पण राखण ही फुकटची देशसेवा मानली जात नव्हती एवढे त्यातून घेता येईल. आपण आजच्या जागल्याकडून त्यागाची अपेक्षा करतो, त्याच्या मृत्यूनंतर पुरस्कार ठेवतो, आणि त्याने बक्षीस मागितले तर नाक मुरडतो. वास्तविक भारत सरकारला बक्षिसाचे वावडे मुळीच नाही. प्राप्तिकर आणि सीमाशुल्क खाती खबऱ्यांना वर्षानुवर्षे बक्षिसे देत आली आहेत. 'सेबी'ने २०१९ मध्ये इनसायडर ट्रेडिंगची माहिती देणाऱ्यांसाठी वसुलीच्या दहा टक्क्यांपर्यंत बक्षीस ठेवले आणि त्याची कमाल मर्यादा नंतर एक कोटीवरून दहा कोटी रुपयांवर नेली. म्हणजे शेअर बाजारातील गैरव्यवहार कळविणाऱ्याला दहा कोटी मिळू शकतात. पुलात सिमेंट कमी घातल्याचे कळविणाऱ्यासाठी मात्र असे काही नाही.

त्याच्यासाठी आहे तो २०१४ चा जागल्या संरक्षण कायदा. दुबे यांच्या हत्येनंतर सर्वोच्च न्यायालयाने विचारणा केली तेव्हा एप्रिल २००४ मध्ये सरकारने ठराव करून केंद्रीय दक्षता आयोगाकडे तक्रारी स्वीकारण्याचे काम दिले. कायदा व्हायला आणखी दहा वर्षे गेली. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, राजपत्रात तो छापून आला, आणि अंमलबजावणी अजून झालेली नाही. २०१५ मध्ये दुरुस्ती विधेयक आले. राष्ट्रीय सुरक्षेपासून व्यापारी गुपितांपर्यंत दहा प्रकारची माहिती देण्यास त्याने बंदी घातली असती. लोकसभेने ते मंजूर केले, राज्यसभेत ते पडून राहिले आणि २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित होताच रद्दबातल झाले.

मूळ कायदा लागू झाला तरी कंत्राटदारांच्या बाबतीत तो फार उपयोगी पडेल असे नाही. त्याचा रोख लोकसेवकांच्या भ्रष्टाचारावर आणि गुन्ह्यांवर आहे. कंत्राटदार त्यात आला तर आडवाटेने येतो. निनावी तक्रार चालत नाही. जाणूनबुजून खोटी तक्रार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार खरी ठरली आणि सरकारचे शंभर कोटी वाचले तर तक्रारदाराला काय मिळते? त्याविषयी कायदा मौन बाळगतो. केंद्राच्या पातळीवर तर सरकारी खरेदीचा कायदाच नाही. २०१२ मध्ये लोकसभेत मांडलेले विधेयक २०१४ मध्ये बारगळले, आणि सारा व्यवहार सर्वसाधारण वित्तीय नियमांवर चालतो.

या पोकळीची किंमत काय असते, याची चुणूक महालेखापरीक्षकांच्या आयुष्मान भारत योजनेवरील २०२३ च्या अहवालात दिसली. साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच भ्रमणध्वनी क्रमांकाशी जोडलेले होते आणि तो क्रमांक होता दहा वेळा नऊ. त्यावर क्रमांकाचा पात्रतेशी संबंध नसतो, असे आरोग्य मंत्रालयाने सांगितले. ते मान्य करू. पण त्याच अहवालानुसार, आधीच मृत दाखविलेल्या ३,४४६ रुग्णांच्या उपचारांपोटी ६ कोटी ९७ लाख रुपये दिले गेले. महालेखापरीक्षकांना हे कळले ते पैसे गेल्यावर, संगणकातील नोंदी जुळवून. यातील जी देयके खोटी असतील, ती तयार करणाऱ्या लिपिकाला ते त्याच दिवशी ठाऊक असणार. त्याने कोणाकडे जायचे होते?

इथे एक अवघड प्रश्न येतो आणि अमेरिकी कायद्याच्या चाहत्यांनी तो टाळू नये. अमेरिकेत गृहीत असे असते की कंत्राटदाराने सरकारला अंधारात ठेवले. आपल्याकडे बहुतेक वेळा सरकारचा एक डोळा उघडा असतो. कामाचे मोजमाप पुस्तिकेत नोंदले जाते, कनिष्ठ अभियंता सही करतो, उपअभियंता तपासणीची खूण करतो, कार्यकारी अभियंता देयक मंजूर करतो. उद्या दावा झाला तर कंत्राटदार शांतपणे म्हणेल, मी कोणाला फसविले? सरकारच्या अभियंत्याने स्वतः मोजून सही केली आहे.

अमेरिकेला ही ठेच लागलेली आहे. १९४० च्या दशकात सरकारी आरोपपत्रांची नक्कल करून दावे दाखल करण्याचा उद्योग सुरू झाला, तेव्हा १९४३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सरकारकडे आधीपासून असलेल्या माहितीवर दावा करण्यास मनाई केली. परिणाम असा झाला की कायदा जवळजवळ मेला. विस्कॉन्सिन राज्याने वैद्यकीय साहाय्य योजनेतील फसवणूक शोधून नियमानुसार केंद्राला कळविली आणि मग दावा केला. तेव्हा, माहिती केंद्राकडे आधीच होती, या कारणास्तव १९८४ मध्ये त्या राज्याचाच दावा फेटाळला गेला. दोन वर्षांनी सिनेटर चार्ल्स ग्रासली आणि प्रतिनिधी हॉवर्ड बर्मन यांच्या पुढाकाराने कायदा दुरुस्त झाला, ही मनाई गेली, आणि वर्षाला तीसच्या आसपास असलेले दावे पुढे शेकड्यांवर पोहोचले. तरी प्रश्न संपलेला नाही. खरी स्थिती ठाऊक असूनही सरकार पैसे देत राहिले असेल तर ती लबाडी महत्त्वाची नव्हती असे मानण्यास तो सबळ पुरावा ठरतो, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटले आहे. हे सूत्र भारतात जसेच्या तसे आणले तर प्रत्येक संगनमत हाच बचाव होऊन बसेल. म्हणून आपल्या कायद्यात एक गोष्ट स्पष्ट शब्दांत लिहावी लागेल. लाच घेऊन किंवा संगनमताने केलेली अधिकाऱ्याची सही म्हणजे सरकारला झालेले ज्ञान नव्हे.

महाराष्ट्रातील वाचकांना या संदर्भात २०१२ आठवेल. मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सिंचन प्रकल्पांचा वाढता खर्च आणि कामांचा दर्जा यांविषयी राज्य सरकारला पत्रे लिहिली आणि राज्याचे राजकारण ढवळून निघाले. पत्र लिहिणारा व्यवस्थेच्या आतला, वरिष्ठ, नाव उघड असलेला माणूस होता. त्याच्याही हाती पत्राखेरीज दुसरे साधन नव्हते.

दुसरा आक्षेप खंडणीचा. माहिती अधिकाराचा धाक दाखवून कंत्राटदारांकडून पैसे उकळणारे महाभाग आपण पाहिले आहेत, मग त्यांच्या हाती दावा देणार का? आक्षेप रास्त आहे, पण त्याचे उत्तर अमेरिकी कायद्यातच आहे आणि ते आपल्या चर्चेत क्वचितच येते. एकदा दाखल केलेला दावा न्यायालयाच्या आणि ॲटर्नी जनरलच्या लेखी संमतीशिवाय मागे घेता येत नाही. खंडणीखोराचा सारा व्यवहार 'पैसे द्या, तक्रार मागे घेतो' यावर चालतो. मागे घेण्याची किल्लीच त्याच्याकडे नसेल तर विकायला काय उरते? शिवाय छळण्याच्या हेतूने केलेल्या दाव्याचा खर्च वादीवर पडू शकतो, आणि फसवणुकीची योजना स्वतः आखणाऱ्याचा वाटा कापला जातो.

आपल्या न्यायालयांच्या गतीबद्दलचा आक्षेप मात्र मी खोडून काढणार नाही. जिथे साधा दिवाणी दावा दशकभर रेंगाळतो, तिथे सीलबंद चौकशी हेच एक शीतगृह होऊ शकते. सरकारने ठरलेल्या मुदतीत कारणांसह निर्णय कळविला नाही तर वादीला पुढे जाण्याची मोकळीक, एवढी तरी अट हवी.

खुद्द अमेरिकेतही या कायद्याला आव्हान मिळाले आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये फ्लोरिडातील संघीय न्यायाधीश कॅथरीन मिझेल यांनी क्वी टॅम तरतूद घटनाबाह्य ठरविली. सरकारची सत्ता सरकारने न नेमलेल्या व्यक्तीच्या हाती देता येत नाही, हा त्यांचा मुद्दा. त्या निर्णयाविरुद्ध अपील झाले. भारतात मात्र उलट दिशेचा निर्णय आहे. ए. आर. अंतुले यांच्याविरुद्ध रामदास नायक यांनी दाखल केलेल्या फिर्यादीच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९८४ मध्ये सांगितले की भ्रष्टाचाराच्या गुन्ह्याची फिर्याद कोणीही नागरिक करू शकतो. फौजदारी बाजूला हे दार उघडले गेले. नंतर मंजुरीच्या अटी आणि २०१८ मध्ये आलेले कलम १७-अ यांनी ते बरेचसे लोटून घेतले. दिवाणी बाजूला, म्हणजे गेलेला पैसा परत आणण्याच्या बाजूला, दारच नाही.

ते करायला दिल्लीची वाट पाहण्याचेही कारण नाही. अमेरिकेतील अनेक राज्यांचे स्वतःचे असे कायदे आहेत. आपल्याकडे तमिळनाडूने १९९८ मध्ये, कर्नाटकाने १९९९ मध्ये आणि राजस्थानने २०१२ मध्ये सरकारी खरेदीच्या पारदर्शकतेचे कायदे केले. त्यांपैकी एखाद्या राज्याला त्यात एक प्रकरण जोडून ठरावीक रकमेवरील कंत्राटांपुरता हा प्रयोग करता येईल. केंद्राला तर आरंभासाठी नवे विधेयकही नको. २०१४ च्या कायद्याच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे की केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचनेने ठरवील त्या तारखेपासून तो अमलात येईल. ती तारीख अजून ठरलेली नाही.